घरात चिवचिव, शाळेत चिडीचूप

जून महिन्यात शाळा सुरू झाली की सायखेड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात शाळेच्या फाटकाशी नेहमीचे चित्र दिसते. काही मुले दप्तर सावरत धावत आत शिरतात. काही अम्मीच्या ओढणीचे टोक धरून फाटकाजवळच थबकतात. पहिल्या आठवड्यात रडारड होते, दुसऱ्या आठवड्यात ती थांबते आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. मात्र या मुलांपैकी एखादे मूल रडणे थांबवते आणि त्याबरोबर बोलणेही थांबवते. ते शाळेत जाते, बाकावर बसते, फळ्यावरचे उतरवून घेते, खिचडीच्या रांगेत उभे राहते आणि संध्याकाळी घरी येते. दिवसभरात तोंडातून एक शब्दही निघालेला नसतो. घरी आल्यावर मात्र याच मुलाच्या तोंडाला खळ नसते. धाकट्या बहिणीला ते शाळा-शाळा खेळत शिकवते, बाईंची हुबेहूब नक्कल करते.

अम्मीला विचारा. ती म्हणेल, "हमारा बच्चा एकदम सीधा है." बाईंना विचारा. त्या म्हणतील, "त्याचा काही त्रास नाही हो, शांत असतो." दोन्हीकडे समाधान असते. चाळीस मुलांच्या वर्गात जो त्रास देत नाही त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि ज्या घरात चार मुले आहेत तिथे शाळेतून तक्रार न येणे हीच मोठी गोष्ट वाटते. अशा रीतीने एक मूल सगळ्यांच्या नजरेसमोर असूनही एकटे पडते.

त्याला आपण बुजरे म्हणतो, मुखदुर्बळ म्हणतो, घुमे म्हणतो, एकलकोंडे म्हणतो. नाव काहीही दिले तरी त्याचे रोजचे नुकसान थांबत नाही. तहान लागली तरी ते पाणी मागत नाही. लघवीला जायचे असले तरी हात वर करत नाही आणि कपडे ओले झाले की वर्गाच्या हसण्याचे धनी होते. गणित समजले नाही तर विचारत नाही. मैदानावर खेळाडू वाटून घेताना त्याचे नाव कोणी घेत नाही. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, कोणी मारले, छळले किंवा अंगाला नको तसा हात लावला, तरी ते सांगू शकत नाही. म्हणून शाळेत बोलता येणे ही केवळ हुशारीची किंवा स्टेजवर चमकण्याची बाब नाही. ती मुलाच्या सुरक्षिततेची बाब आहे.

प्रत्येक गप्प मूल सारखे नसते

उपाय करण्याआधी मूल गप्प का आहे हे पाहिले पाहिजे. वरून सारखे दिसणारे मौन आतून फार वेगवेगळे असते.

काही मुलांचा स्वभावच सावध असतो. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अनेक वर्षे लहान बाळांचा अभ्यास केला. चार महिन्यांच्या बाळांना नवा आवाज, नवे खेळणे, नवा वास दिला तर सुमारे पाचातील एक बाळ जोरात हातपाय झाडते आणि रडते. अशी बाळे मोठी झाल्यावर अनोळखी माणसांसमोर बुजण्याची शक्यता जास्त असते. परंतु केगन यांना हेही दिसले की, अशी सगळीच बाळे बुजरी होत नाहीत. स्वभाव जन्मासोबत येतो, पण पुढची वाट घरची आणि शाळेची माणसे घडवतात.

काही मुले एकटी रमतात. ती चित्र काढत बसतील, मुंग्यांची रांग पाहत बसतील, पण कोणी बोलावले तर जातील आणि विचारले तर उत्तर देतील. अशा मुलांची फार चिंता करू नये. एकटे राहणे आवडणे हा दोष नाही. काळजी करावी ती ज्याला खेळायचे आहे पण पुढे होता येत नाही, त्याची. तो मैदानाच्या कडेला उभा राहून सगळा खेळ डोळ्यांनी खेळत असतो.

काही मुलांना ऐकू कमी येते आणि ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. काही मुलांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव आणि खेळाचे नियम समजायला अवघड जातात. त्यात स्वमग्नता असू शकते. काही मुले घरातील भांडणे, मृत्यू, आजार किंवा स्थलांतर यांमुळे मिटून जातात. गोदावरीला पूर आला की सायखेडा आणि चांदोरी या दोन्ही काठांवरच्या घरांना त्याचा फटका बसतो. सामान हलवावे लागते, शाळा बंद पडते. मोठी माणसे पुराचा चिखल धुऊन कामाला लागतात, पण एखादे लहान मूल त्या रात्रीनंतर बरेच दिवस बावरलेले राहू शकते.

आणि काही मुले अशी असतात की, घरात भरभरून बोलतात आणि शाळेत अजिबात बोलत नाहीत. डॉक्टर याला 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' म्हणतात. मराठीत त्याला निवडक मौन म्हटले जाते. हे नाव जरा फसवे आहे. 1877 मध्ये जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले तेव्हा त्यांना हे मौन ऐच्छिक वाटले. 1934 मध्ये मोरित्झ ट्रामर यांनी दिलेल्या नावातही मूल स्वतः मौन निवडते असाच अर्थ होता. 1994 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत नाव बदलले आणि 2013 च्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद चिंतेच्या विकारांमध्ये झाली. एवढ्या प्रवासाचे सार एका वाक्यात सांगता येते. मूल हट्टाने गप्प बसत नाही, भीतीने त्याचा घसा आवळला जातो. "बोल ना, मुका आहेस का?" असे म्हटल्याने ती भीती कमी होत नाही, उलट वाढते.

तीन भाषांमधले मूल

आपल्या घरांतील मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नाशिक जिल्ह्यातील कितीतरी मुस्लिम घरांत दखनी वळणाची बोली बोलली जाते. पहाटे मकतबमध्ये मूल अरबी अक्षरे गिरवते, उर्दू ऐकते. अकरा वाजता ते मराठी शाळेत बसते. सहा वर्षांच्या मुलासाठी हा मोठा पल्ला आहे. घरी ज्याला ते 'चाकू' म्हणते त्याला शाळेत 'सुरी' म्हणतात. 'मेरेकू नहीं आता' हे वाक्य मराठीत कसे म्हणायचे याचा विचार करीपर्यंत बाईंचा प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो. एकदा चुकीचा शब्द निघाला आणि वर्ग हसला की मूल ठरवून टाकते, न बोललेलेच बरे.

उर्दू शाळेतून पाचवीत किंवा आठवीत मराठी हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुला-मुलींचीही हीच स्थिती होते. तोवर वर्गात पहिली येणारी मुलगी नव्या शाळेत शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसते.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलांचा नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबागांच्या कामासाठी पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांची घरची बोली शाळेतल्या मराठीहून वेगळी असते. वर्गातील गप्प मुलांची यादी केली तर त्यात आपली आणि त्यांची मुले शेजारी शेजारी सापडतील.

नवी भाषा शिकताना मूल आधी बरेच आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकते. त्या काळात ते शब्द साठवत असते. याला आजार समजू नये. घरची बोली बंद करणे हा तर त्यावर उपाय नव्हेच. ज्या भाषेत मूल निर्धास्त बोलते ती काढून घेतली, तर त्याच्याकडे बोलायला काहीच उरत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 29 मध्येही शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. त्याच कलमात मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि आपले म्हणणे मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असेही सांगितले आहे. म्हणजे मुलाला बोलते करणे ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, ती शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे.

शाळा अंगणात गेली

शाळेत न येणाऱ्या, आलीच तर बुजून पळून जाणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी सोडवला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. अनुताईंनी शिक्षिकेची नोकरी सुरू केली होती ती आपल्या नाशिक जिल्ह्यातील खेड्यातल्या शाळेत.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. शाळेची इमारत त्यांना परकी होती, तिथली माणसे परकी होती. "ही मुले अशीच" म्हणून सोडून देणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताईंनी उलटे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीत न्यायची. बाई वस्तीत जाऊन घराच्या अंगणात बसू लागल्या. मुलांना स्वच्छ करावे, गाणी म्हणावीत, खडे, शिंपले, पाने, फुले घेऊन खेळ मांडावा, असे काम सुरू झाले. आपल्या अंगणात मूल बुजत नव्हते. तिथे त्याची आई समोर होती, भावंडे होती, बोली ओळखीची होती. आज गावोगावी जो शब्द वापरला जातो तो 'अंगणवाडी' इथून आला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोहोचला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. त्यामुळे मोठे भावंड शाळेत आणि धाकटे शेजारच्या बालवाडीत, अशी दोघेही एकमेकांच्या नजरेसमोर राहिली.

या कामातून आपल्याला जी गोष्ट घ्यायची आहे ती साधी आहे. मूल जिथे मोकळे असते तिथून सुरुवात करायची आणि तिथून हळूहळू शाळेपर्यंत यायचे. त्याला वर्गासमोर उभे करून बोलायला लावणे म्हणजे शेवटच्या पायरीवर उडी मारायला सांगणे आहे.

अंगणापासून वर्गापर्यंत

शाळेत अजिबात न बोलणाऱ्या मुलांसाठी आज तज्ज्ञ जी पद्धत वापरतात, तिचे तत्त्व हेच आहे. खेड्यातल्या शाळेतही ती करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वर्गशिक्षकांची तयारी आणि घरच्यांचा रोजचा अर्धा तास लागतो.

पहिल्यांदा शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा असताना अम्मी, दादी किंवा मोठी बहीण यांपैकी ज्याच्याशी मूल सर्वांत मोकळे बोलते, त्याने मुलाला घेऊन वर्गात बसावे. सापशिडी खेळावी, चित्र रंगवावे. बाईंनी त्या वेळी वर्गात येऊ नये. ज्या खोलीत मुलाचा आवाज कधी निघाला नाही, त्याच खोलीत तो निघू लागला की अर्धी लढाई जिंकली.

मग बाईंनी दाराजवळच्या खुर्चीवर वह्या तपासत बसावे. मुलाकडे पाहू नये, काही विचारू नये. मूल बोलत राहिले की काही दिवसांनी खुर्ची थोडी जवळ आणावी. नंतर खेळात सामील व्हावे, पण प्रश्न न विचारता. "अरे वा, सोंगटी शिडीवर आली" एवढेच बोलावे. त्यानंतर निवड देणारा प्रश्न विचारावा, "लाल सोंगटी घेऊ की हिरवी?" एका शब्दाचे उत्तर पुरे. ते मिळाले तर त्याचा गाजावाजा करू नये. "बघा, हा बोलला!" असे कोणी ओरडले की मूल पुन्हा मिटते.

यानंतर वर्गातला एक मित्र खेळात घ्यावा. अम्मीने हळूहळू दाराकडे, मग बाहेर सरकावे. शेवटी हाच खेळ मधल्या सुट्टीत, इतर मुले आसपास असताना व्हावा. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील हे मूल ठरवील. ते अडले तर एक पायरी मागे यावे.

आणखी एक सोपा मार्ग आहे. मूल घरी धडा वाचते तेव्हा त्याला विचारून अब्बांच्या मोबाइलवर त्याचा आवाज टिपावा आणि तो बाईंना ऐकवावा. मुलाला आपला आवाज बाईंच्या कानी पडल्याचे माहीत होते, आणि काहीही वाईट घडत नाही हेही कळते.

धाकटा सोबती

जी मुले बोलतात पण मिसळत नाहीत त्यांच्यासाठी अमेरिकेत विंडल फर्मन, डोनाल्ड राहे आणि विलार्ड हार्टअप या अभ्यासकांनी केलेला एक प्रयोग 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाची 24 एकलकोंडी मुले त्यांनी निवडली. काहींना आपल्या वयाच्या मुलाबरोबर, काहींना आपल्याहून वर्ष-दीड वर्षाने लहान मुलाबरोबर जोडीने खेळू दिले. दहा वेळा, दर वेळी थोडा वेळ. उरलेल्यांना तसेच राहू दिले. खेळणाऱ्या मुलांचे वर्गातील मिसळणे वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते धाकट्या सोबत्याशी खेळलेल्यांचे.

याचे कारण कोणत्याही अम्मीला समजेल. बरोबरीच्या मुलांत जे मूल नेहमी मागे राहते, त्याला धाकट्यासमोर पुढे व्हावे लागते. खेळ कोणता ते तेच ठरवते, नियम तेच सांगते, पडलेल्याला तेच उचलते. आपल्याला हे जमते, असे त्याला प्रथमच वाटते.

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळांत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. आपण त्याला अडचण समजतो. बुजऱ्या मुलासाठी मात्र ती सोय आहे. तिसरीतल्या गप्प मुलीला पहिलीतल्या मुलाला रोज दहा मिनिटे वाचून दाखवण्याचे काम द्या. घरी शेजारपाजारच्या लहान मुलांना अंगणात बोलवा आणि खेळाची सूत्रे तिच्याकडे सोपवा.

जोडीदाराचे महत्त्व आपल्याला नवीन नाही. फिरऔनसमोर जाण्याचा हुकूम झाला तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांनी जिभेची गाठ सुटावी अशी दुआ केली आणि त्याचबरोबर आपले भाऊ हारून (अलै.) यांची साथ मागितली. बोलणे अवघड जाते हे कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि सोबत मागण्यातही नाही. मग सात वर्षांच्या मुलाला आपण वर्गासमोर एकटे का उभे करावे?

वर्गात काय करता येईल

प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात ते मोजले. सरासरी जेमतेम एक सेकंद. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. घरच्या बोलीतून मराठीत शब्द आणणाऱ्या मुलाला हे सेकंद हवेच असतात.

आधी शेजाऱ्याला सांगू द्यावे. प्रश्नाचे उत्तर थेट वर्गाला न विचारता "एक मिनिट आपल्या जोडीदाराला सांगा" म्हणावे. मग जोडीदाराने दोघांचे उत्तर सांगितले तरी चालेल. गप्प मुलाची जोडी सर्वांत बडबड्या मुलाशी लावू नये, तो याच्या वाट्याचेही बोलून टाकतो. शांत आणि प्रेमळ मुलाशी लावावी, आणि ती वरचेवर बदलू नये.

हजेरीला "हजर" म्हणता येत नसेल तर हात वर करू द्यावा. परिपाठात सुविचार वाचायची पाळी आली तर तो दोघांनी मिळून वाचावा, किंवा त्या मुलाने फळ्यावर लिहावा. पाणी किंवा लघवीसाठी खुणेचे कार्ड द्यावे, म्हणजे निदान ती लाज टळेल.

काम द्यावे. खडू आणणे, पुस्तके वाटणे, बागेला पाणी घालणे, वाढप करणे. कामानिमित्त दहा जणांशी संबंध येतो आणि आज ना उद्या "घे" आणि "दे" हे शब्द निघतात.

मैदानावर नियम बदलावेत. दोन नायकांनी एकेक खेळाडू निवडायची पद्धत बंद करावी, कारण शेवटी उरणारे मूल रोज तेच असते. चिठ्ठ्या टाकाव्यात. विषामृत, साखळी, लगोरी यांसारख्या खेळांत फार न बोलता सामील होता येते. खेळात शिरायचे कसे हेही शिकवावे लागते. थोडा वेळ पाहा, कडेला उभा राहा, चेंडू बाहेर आला तर उचलून दे, मग "मी पण?" विचार. धीट मुलांना हे आपोआप येते, बुजऱ्याला घरी सराव करवून घ्यावा लागतो.

आणि विषय त्याच्या ओळखीचा द्यावा. सायखेड्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव पाहिलेले मूल लिलावाची नक्कल करील. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी पाहिलेले मूल त्यांच्याबद्दल बोलेल. पाठ्यपुस्तकातील समुद्रकिनाऱ्याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसेल.

घरात काय टाळावे

पाहुण्यांसमोर "हा बोलतच नाही" असे म्हणू नये. हे वाक्य शंभर वेळा ऐकलेले मूल तेच आपले नाव समजते. "सलाम कर, सलाम कर" म्हणून चारचौघांत ढकलू नये. आपण सलाम करावा, ते पाहते. "फूफीची मुलगी बघ कशी पटापट बोलते" ही तुलना तर मुळीच नको.

त्याच्या वतीने बोलण्याची सवयही सोडावी. दुकानात, दवाखान्यात कोणी नाव विचारले की अम्मी लगेच सांगून मोकळी होते. पाच सेकंद थांबावे. उत्तर आले तर छान, नाही आले तर पुढच्या वेळी. किराणा दुकानातून एक वस्तू आणणे हा उत्तम सराव आहे. आधी चिठ्ठी देऊन, मग चिठ्ठीशिवाय.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. मुलगा गप्प राहिला तर उशिरा का होईना काळजी वाटते. मुलगी गप्प राहिली तर तिची 'शरमवाली' म्हणून तारीफ होते. हया आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदिनेच्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रशंसा केली ती याचसाठी की, दीन समजून घेताना त्यांची हया आड आली नाही. त्या प्रश्न विचारीत. जी मुलगी आज बाईंना "मला समजले नाही" म्हणू शकत नाही, ती उद्या अन्याय झाला तरी कोणाला काही सांगू शकणार नाही.

मदत केव्हा आणि कुठे

मूल घरी बोलते आणि शाळेत बोलत नाही, असे शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर चालले, तर "मोठे झाल्यावर होईल नीट" म्हणून थांबू नये. जितक्या लवकर सुरुवात तितके काम सोपे. बोलते मूल एकाएकी गप्प झाले, शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागले, झोप उडाली, तर त्याला कोणी त्रास देत आहे का हे आधी शांतपणे पाहावे. कान तपासून घ्यावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळांना आणि अंगणवाड्यांना भेट देते. त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता त्याची अडचण पथकाला स्पष्ट सांगावी, पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागावी. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवायची विनंती मुख्याध्यापकांना करता येते. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. मूल संकटात असेल तर 1098.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या बैठकीत पाण्याची टाकी आणि भिंतीचा रंग यांबरोबर एक प्रश्न दर महिन्याला विचारला जावा, "या महिन्यात कोणत्या वर्गात कोणते मूल कोणाशीच बोलले नाही?" हा प्रश्न विचारायला लागलो की शिक्षकही तशी नजर ठेवू लागतील.

पालकांनो, उद्या मूल शाळेतून आले की "आज काय शिकवले?" हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवा. "आज कोणाबरोबर डबा खाल्लास?" एवढे विचारा. उत्तरात एखादे नाव आले तर त्या मुलाला शुक्रवारी शाळा सुटल्यावर घरी बोलवा. नाव आले नाही तर बाईंना जाऊन भेटा आणि दोघी मिळून वर्गातले एक प्रेमळ मूल निवडा. सुरुवातीला तेवढे एक मूल पुरे आहे.